पहिल्या दिवसाची पुस्तकं

बुधवार, १२ तारीख

दादा,

पत्र लिहायला उशीर केला, हे मीच आधी कबूल करते, म्हणजे तुला पहिल्याच ओळीत ओरडायला जागा राहणार नाही. पाकीट आणून ठेवलं होतं. ते उशीखाली राहून चुरगळलं, मग दुसरं आणलं, त्यावर चहा सांडला. हे तिसरं. पण खरं कारण पाकीट नाही. तू शेवटच्या फोनवर म्हणालास ना, "दर आठवड्याला नव्या गावाहून फोन नको. एका जागी महिनाभर टिकलीस तर पत्र टाक, नाहीतर टाकू नकोस," आणि खाडकन ठेवून दिलास. मग लिहायला बसले की वाटायचं, पत्र तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर मी इथून सटकलेली असेन आणि खोटी पडेन. तर ऐक. महिना होऊन गेलाय. पाकिटामागे पत्ता लिहिलाय. पत्ता लिहायची सवय नसल्यामुळे एकदा खोडलाय, तेवढं चालवून घे.

इथे कशी आले? फळांच्या गोदामातलं काम संपलं (मीच संपवलं), मग एका कागदाच्या गाडीवर मदतीला लागले. ड्रायव्हर भयंकर बडबड्या, त्याला माल उतरवणाऱ्यापेक्षा ऐकणारं माणूस हवं होतं. एका शाळेच्या मागच्या खोलीत जाड कागदाचे गठ्ठे द्यायचे होते. मी पहिला गठ्ठा ठेवते न ठेवते तोच कोपऱ्यातून आवाज आला, "तिथे नको, दाराच्या डावीकडे. आणि तू नवीन आहेस. पाय घासत चालतेस."

त्या म्हणजे बाई. ही अंध मुलांची शाळा आहे, आणि मुलांची पुस्तकं छापायची खोली बाई चालवतात. त्यांना स्वतःलाही दिसत नाही, पण माझी कुठली चप्पल झिजलीय ते सांगतात. गाडी परत गेली, मी गेले नाही. त्या दिवशी बाईंना गठ्ठे फोडायला कुणीतरी हवं होतं आणि मला बडबड्यापासून सुटका हवी होती, एवढंच.

ब्रेलचं काम तू पाहिलं नसशील. कागदावर उठवलेले ठिपके, ते बोटांनी वाचायचे. कॉम्प्युटरवर धडा टाइप केला की एक प्रोग्राम त्याचे ठिपके करतो आणि मशीन ते जाड कागदावर ठोकतं. ठोकतं म्हणजे खरंच ठोकतं, पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. म्हणून त्यावर लाकडी पेटी घातलीय आणि पेटीत जुनी गादी कोंबलीय, तरी पलीकडच्या वर्गातल्या मास्तरीण भिंत बडवतात. छापून झालं की काका येतात. काका इथले निवृत्त शिक्षक, त्यांना दिसतं. ते साध्या पुस्तकातून मोठ्याने वाचतात आणि बाई ठिपक्यांवरून बोट नेतात. काकांना जांभई आली की बाई लगेच, "काका, एक 'आणि' गिळलात."

आता मुद्द्याचं. या मुलांना पुस्तकं कधीच वेळेवर मिळत नाहीत. शाळा सुरू होते, शिक्षक तोंडी शिकवत राहतात, आणि पुस्तक, तेही सुट्या धड्यांनी, हातात पडतं तेव्हा निम्मे धडे होऊन गेलेले असतात. बाई स्वतः इथेच शिकल्या. त्या म्हणाल्या, "मला दुसरीचं पुस्तक मिळालं तेव्हा मी तिसरीत होते." यंदा त्यांनी ठरवलंय, एक तारखेला नवं वर्ष सुरू होईल तेव्हा, पहिल्या तासाला, प्रत्येकाच्या बाकावर पुस्तक. काका म्हणाले, "दर वर्षी ठरवता." बाई म्हणाल्या, "यंदा पोरगी आहे मदतीला."

पोरगी म्हणजे मी. आणि पोरीने काय केलं, तर कॉम्प्युटर नवा केला.

म्हणजे असं. बाई स्क्रीन जोडतच नाहीत. त्यांना काय करायचाय? एक वाचून दाखवणारा प्रोग्राम आहे, तो सगळं बोलतो, इतक्या वेगात की मला वाटलं पेटीत भुंगा अडकलाय. स्क्रीन कपाटात होता. मी शहाणी, तो काढून जोडला, कारण मला डोळे आहेत ना! त्यावर रोज यायचं, "नवी सिस्टिम तयार आहे, आता घ्यायची का?" बाई रोज 'नंतर' म्हणत. परवा त्या घरी गेल्यावर मी 'आता' म्हटलं. फुकट होतं, नवं होतं, आणि कामाला वेग येईल असं लिहिलं होतं.

सकाळी बाईंनी कॉम्प्युटर चालू केला तर आतून दोघं एकदम बोलायला लागले. एक जुना, बाईंचा भुंगा. दुसरी नवी, सिस्टिमबरोबर आलेली, गोड गळ्याची, सावकाश बोलणारी. बाईंनी एक बटण दाबलं की दोघंही तेच सांगणार, पण एकामागून एक नाही, एकमेकांच्या अंगावर. मी तुमच्याकडे राहायला आले की तुझं आणि वहिनीचं जसं व्हायचं, अगदी तसंच. बाईंनी कान झाकले. मग शांतपणे विचारलं, "पोरी, घरात पाहुणी कुणी आणली?"

थोडी गडबड आहे, होईल नीट. वहिनीला सांग, जेवण वेळेवर आहे.

भिंगरी


मंगळवार, १८ तारीख

दादा,

मागच्या पत्रात 'थोडी गडबड' लिहिलं होतं. त्यातलं 'थोडी' खोडून वाच.

तू विचारशील, मग जुनी सिस्टिम परत का नाही घेतली? घेता येते. नवी सिस्टिम जुन्या सगळ्याचं बोचकं बांधून एका कोपऱ्यात ठेवते, काही दिवस. पण मी सिस्टिम घेतली त्याच संध्याकाळी आणखी एक खिडकी आली, "जागा कमी आहे, जुन्या फायली काढू का?" मला पसारा बघवत नाही हे तुला माहीत आहे (माझा स्वतःचा सोडून). मी म्हटलं, काढ. ते बोचकंच होतं. हे मी तुला मागच्या वेळी लिहिलं नाही, कारण तेव्हा बाईंनाही सांगितलं नव्हतं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "बरं. काय उरलंय ते मोजूया." ओरडल्या असत्या तर मी बॅग उचलून निघाले असते, मला त्याची सवय आहे. ओरडल्याच नाहीत, त्यामुळे पंचाईत झाली.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एक खुर्ची घेतली, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "हा प्रोग्राम जुना, मशीन जुनं, सिस्टिम नवी. सगळं नवं घ्या." काका म्हणाले, "आम्हीही जुनेच आहोत, आमचं काय करायचं?" तो हसून निघून गेला. मग मी आणि बाई दोघी बसलो. मी स्क्रीन वाचून दाखवायचा, बाईंनी ठरवायचं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तू फार हळू वाचतेस गं, माझा भुंगाच बरा."

आधी दोन आवाजांचं भांडण मिटवलं. नवीला सांगितलं, बये, तू आपणहून उठायचं नाहीस. एक खूण काढली की ती उठत नाही, झालं. पण ती गप्प झाली तर भुंगाही गप्प! दोघं बोलत होते ते बरं म्हणायची वेळ आली. नवी सिस्टिम सुरू होताना त्याला पुढे येऊच देत नव्हती. शोधता शोधता एका प्रोग्रामच्या पोटात सापडलं, "जुन्या सिस्टिमप्रमाणे चालव." तिथे खूण केली, बंद करून चालू केलं, आणि भुंगा गुणगुणायला लागला. बाईंनी टेबलावर थाप मारली. मी पण मारली. काकांचा चहा सांडला.

मग मशीन. एक पान काढून बघितलं. बाईंनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "रस्त्यावर खडी टाकलीय." नुसते ठिपकेच ठिपके, अक्षर एकही नाही. तुझ्या धंद्यातलं सांगते म्हणजे कळेल. नव्या पाइपला जुना नळ बसवायला गेलं तर आटे जुळत नाहीत, तसं. नव्या सिस्टिमने आमचं मशीन बघितलं आणि ठरवलं की हा साधा प्रिंटर आहे, याला पानाचं चित्र पाठवू. आणि मशीन बिचारं त्या चित्राचे ठिपके ठोकत बसलं. त्याला चित्र नको, नुसती अक्षरं हवीत, एकामागून एक. यादीत तळाशी एक बिननावाचा प्रिंटर असतो, 'फक्त अक्षरं' असा. कुणी वापरत नाही त्याला, गावातल्या बंद दुकानासारखा पडून असतो. तो जोडला, आणि ठोकाठोक नीट सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खडी! सिस्टिमने आपल्या मनाने तो काढून पहिला परत लावला होता. आता ते आपोआप बदलणंही बंद केलंय. तिला म्हटलं, आमच्या घरात आम्हाला विचारल्याशिवाय फर्निचर हलवायचं नाही.

पण एक गोष्ट आली नाही, ती येणारही नाही. ठिपके करणारा प्रोग्राम सीडीवरून पुन्हा बसवला, तो चालतो. त्यात एक तक्ता असतो, कुठल्या अक्षराला कुठले ठिपके. सीडीवरचा तक्ता आपल्या अक्षरांचा नाहीच. बाईंनी आपला स्वतः भरला होता, गणिताच्या खुणा, भूमितीच्या खुणा सगळ्यांसकट, गेली कित्येक वर्षं एकेक करत. तो त्या बोचक्यात होता.

एक तारीख जवळ आली. पहिलीच्या पुस्तकाचं एकही पान झालेलं नाही. तुला हे का लिहितेय माहीत नाही. तू येऊन पाना लावणार नाहीस. पण कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

भिंगरी


सोमवार, २४ तारीख

दादा,

तुझं कार्ड आलं! अक्षर वहिनीचं, पण खालची ओळ तुझी आहे हे मला लगेच कळलं, "आटे आधी हाताने लावून बघायचे, मग पाना." एवढीच ओळ. ती मी बाईंना वाचून दाखवली. बाई म्हणाल्या, "तुझा भाऊ कामाचा माणूस दिसतो." मी म्हटलं, रागीट आहे. त्या म्हणाल्या, "मग नक्कीच कामाचा."

तर आम्ही हातानेच सुरू केलं. प्रोग्रामच्या तक्त्यात प्रत्येक अक्षरासमोर सहा बारकी घरं असतात, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. जो ठिपका हवा त्या घरावर टिचकी मारायची. बाईंना सगळा तक्ता तोंडपाठ. त्या डोळे मिटून सांगायच्या (डोळे कशाला मिटतात कुणास ठाऊक), "अ, एक. ब, एक-दोन. ह, एक-दोन-पाच," आणि मी टिचक्या मारायची. मध्येच म्हणायच्या, "थांब, भागाकाराची खूण मला सुचली होती तेव्हा मी या खिडकीशी बसले होते," आणि त्या दिवसाची गोष्ट सांगायच्या. मग मी माझी सांगायची. नावेवर काम केलं होतं तेव्हाची, ती तुला माहीत नाही, नंतर कधीतरी. काका म्हणाले, "तुम्ही दोघी तक्ता भरताय की चकाट्या पिटताय?" दोन्ही.

आता मला ठिपके थोडे येत होते, कारण रिकाम्या वेळात काकांनी मला पाटीवर शिकवलं होतं. हाताने ब्रेल लिहायची छोटी पट्टी असते, तिच्या खिडक्यांतून टोच्याने कागद टोचायचा. टोचलेलं उलट्या बाजूला वर येतं, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचं आणि पहिला ठिपका उजवीकडचा धरायचा. कागद उलटला की सगळं सरळ. मजेशीर आहे. मी रात्री झोपण्याआधी तुझं नाव टोचलं, मग वहिनीचं, मग तुमच्या मांजराचं.

तक्ता पुरा झाला. आम्ही थांबलोच नाही. पहिलीचं अख्खं पुस्तक मशीनला लावलं. गारा पडायला लागल्या, पलीकडून भिंत बडवली गेली, काका म्हणाले, "बडवू दे, आज ऐकू यायलाच हवं." कागदाचा ढीग पायरीएवढा झाला. मी पानं बघत होते. खडी नाही, ओळी सरळ, अक्षरं सुटी सुटी. मला तर वाचताही येत होतं, मी म्हटलं, "बाई, हा अ, हा ब!"

काकांनी पुस्तक उघडून घसा साफ केला. बाईंनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि तिथेच थांबल्या. मग दुसऱ्या ओळीवर गेल्या. मग परत पहिलीवर.

"काका, थांबा. ह च्या जागी ज आहे. ज च्या जागी ह. आणि बाकीचं तर कुठल्याच भाषेत नाही."

मी म्हटलं, "असं कसं? मला तर बरोबर दिसतंय."

"तुला कसं वाचता येतंय ते सांग बघू. अ कुठे आहे?"

"हा काय, वरचा उजवीकडचा ठिपका."

काकांनी पुस्तक खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, पाटीवर उजवीकडचा! टोचताना! वाचताना डावीकडचा!"

दादा, मी अख्खा तक्ता आरशात भरला होता. एक ते तीन उजव्या घरांत, चार ते सहा डाव्या. पायरीएवढं पुस्तक उलटं. कागद वाया, आणि आठवडा उरलेला. पायात चप्पल घातली. खरंच घातली. दारापाशी गेले.

आणि मागून हसणं ऐकू आलं. बाई हसत होत्या. मी त्यांना महिनाभरात एवढं हसताना पाहिलं नव्हतं. टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत डोळस माणसांनी हजार चुका केल्या, पण पुस्तकाच्या पाठीमागे बसून वाचणारी तूच पहिली. चप्पल काढ. झिजलेली आहे, ऐकू येते मला."

काढली. डावं उजवं करायला फार वेळ लागला नाही, माझ्या हातांना घरं पाठ झाली होती. या वेळी प्रत्येक अक्षराचं आधी एकच पान काढलं आणि बाईंनी त्यावर बोट ठेवून 'हं' म्हटल्याशिवाय पुढे गेलो नाही. तुझी ओळ. आधी हाताने, मग पाना. वाया गेलेल्या कागदाच्या पाठीमागे काकांनी आपली कोडी लिहायला घेतलीत.

आता दिवसभर गारा पडतात. काका वाचतात, बाई बोट नेतात, मी पानं शिवते. शिवताना सुई कुठे टोचायची ते बाई दोन बोटांनी मोजून दाखवतात, मी मोजत नाही, तरी सरळ येतं. पलीकडच्या मास्तरीण काल स्वतः आल्या. आम्हाला वाटलं, आता भांडण. तर त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गाचं कधी निघणार?" आणि मधल्या सुट्टीत शिवायला बसल्या.

हो, आणि मी एक बादली विकत घेतली. निळी. आजपर्यंत माझ्याकडे बॅगेत न मावणारी वस्तू नव्हती. वहिनीला सांग, ती हसेल.

भिंगरी


मंगळवार, १ तारीख

दादा,

झालं!

सगळं झालं नाही, खरं सांगते. चौथीचं गणित अजून शिवायचंय आणि तिसरीच्या भूगोलात काकांनी एक नदी गिळली, ती पुन्हा छापायचीय. पण आज सकाळी पहिल्या तासाला प्रत्येक बाकावर पुस्तक होतं. आम्ही काल संध्याकाळीच ठेवून आलो. बाईंनी प्रत्येक बाकाच्या कडेला हात लावून, पुस्तक कडेशी जुळतंय ना ते बघितलं. काका मागून म्हणाले, "कलेक्टर येणार आहेत का?" बाई म्हणाल्या, "त्याहून मोठी माणसं येणार आहेत."

मी सकाळी वर्गाच्या दारात उभी राहिले. मुलं आली, आपापल्या जागी बसली, दप्तर खाली ठेवलं, आणि हात बाकावर गेले. मग आवाजच बंद. तुला सांगते, एवढी मुलं आणि आवाज बंद! मग एकाने विचारलं, "हे कुणाचं?" शिक्षक म्हणाले, "तुझं." तो म्हणाला, "आजच?" एक मुलगी पुस्तकाचा वास घेत होती. एकाने थेट शेवटचं पान काढलं आणि ओरडला, "यात शेवटही आहे!" दर वर्षी त्यांना सुटे धडे मिळत, शेवटचा कधी मिळतच नसे. बाई माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझा कोपर धरला होता, तो जरा घट्ट धरला, एवढंच.

मला खूप बरं वाटतंय, दादा. कशाचं ते नीट सांगता येत नाही, आणि सांगायला गेले तर भलतीकडेच जाईन. त्या बडबड्या ड्रायव्हरची गाडी काल आली होती. "येतेस का, पुढे समुद्राकडे जातोय," म्हणाला. समुद्र मला आवडतो, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, तिसरीची नदी राहिलीय. तो म्हणाला, "कुठली नदी?" आणि मला हसू आवरेना. तो मला वेडी समजून गेला.

तू आणि वहिनी इकडे या ना एकदा. मी येईन म्हणत नाही, कारण मी 'येईन' म्हटलं की तू विश्वास ठेवत नाहीस. तुम्हीच या. झोपायला माझी खोली आहे, पाण्याला बादली आहे. तुझ्यासाठी गळका नळही आहे. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

थांब हं, दारात कुणीतरी आलंय.

पुन्हा लिहितेय, घाईत, कारण बाई त्यांच्याशी बोलतायत आणि मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. एक उंच गृहस्थ आलेत, साठीचे असतील, त्यांची बाही धरून त्यांची बायको. बोटांना रंगाचे डाग, नखांत मुरलेले. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दोन वर्षांत दृष्टी गेली. आम्हाला वाटलं, नातवाला शाळेत घालायला आलेत. तर म्हणाले, "मलाच पहिलीत बसायचंय. इथे यंदा पुस्तक पहिल्या दिवशी मिळतं असं ऐकलं, म्हटलं मग आजच गेलं पाहिजे."

बायको म्हणाली, "मी सांगत होते, या वयात कशाला. ऐकत नाहीत. उंच आहेत हो, यांना मागे बसवा, पुढे बसले तर पोरांना फळा दिसायचा नाही."

बाई म्हणाल्या, "इथे फळा कुणालाच दिसत नाही. बसू द्या कुठेही."

पण पहिलीचं जादा पुस्तकच नाही. जेवढी मुलं तेवढीच छापली होती. बाईंनी त्यांना मशीनजवळ बसवलं, हातात एक सुटं पान दिलं, आणि त्यांचं बोट पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. "हा अ."

ते चाचपत राहिले. "कुठे?"

"तुमच्या बोटाखाली."

"एकच ठिपका?"

"एकच."

त्यांनी बोट दाबून बघितलं. मग म्हणाले, "काय सांगता! मी अ पुरुषभर उंच काढलाय, तीन-तीन डबे लागायचे. आयुष्यभर रंग वाया घालवला की मी." आणि स्वतःच हसायला लागले. आता त्यांची बायको रडतेय आणि हसतेय, काका त्यांच्यासाठी खुर्ची शोधतायत, आणि त्या माणसाचं बोट त्या एका ठिपक्यावरून हलायला तयार नाही.

बाई हाक मारतायत, "पोरी, कागद लाव. पहिलीचं एक अख्खं पुस्तक."

लावते.

तुझी,
भिंगरी